'एकही गोळी न देणारं कडक केंद्र निवडा' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या काही महिन्यांत एकच मेसेज मला चार वेगवेगळ्या माणसांनी पाठवला. व्यसनमुक्ती केंद्र कसं निवडावं, याबद्दलचा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: केंद्र पहिल्याच दिवशी सगळं बंद करणारं आणि एकही गोळी न देणारं हवं. पेशंटची संमती विचारत बसू नका. शिस्त अशी हवी की पुन्हा तिथं जायच्या कल्पनेनंच तो घाबरला पाहिजे. नव्वद दिवस घरच्यांनी तोंड दाखवायचं नाही. यशाचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर असेल तरच पैसे भरा. आणि बाहेर आल्यावर तो परत प्यायला, तर पैसे पाण्यात गेले असं समजा.

पाठवणाऱ्यांपैकी कुणाचाच हेतू वाईट नव्हता. माझ्या दादाच्या वेळी आम्हीही याच समजुती घेऊन पहिलं केंद्र शोधलं होतं. त्यामुळे मेसेजला हसण्याचा हक्क मला नाही, पण उत्तर देण्याचा आहे.

"पहिल्याच दिवशी सगळं बंद, एकही गोळी नाही."

या मेसेजमधलं सगळ्यात धोकादायक वाक्य हेच. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीशी तोल साधण्यासाठी स्वतःला सतत चेतवलेला ठेवायला शिकलेला असतो. दारू एकदम काढून घेतली की गुंगी जाते आणि ती चेतना तेवढी उरते. आधी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ४८ तासांत काहींना फिट येते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना डिलिरियम ट्रेमेन्स होतो: ताप, धावणारी नाडी, भिंतीवर नसलेले किडे दिसणं, आपण कुठे आहोत याचं भान सुटणं. उपचार न मिळालेल्यांत यानं दगावणाऱ्यांचं प्रमाण जुन्या नोंदींत ३५ टक्क्यांपर्यंत सापडतं. वेळेवर उपचार झाले तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं. आणि उपचार म्हणजे काय, तर मेसेजला नको असलेली तीच गोळी. बेन्झोडायझेपिन गटातलं औषध, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रोज थोडं कमी करत नेलेलं. सोबत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. दीर्घकाळ पिणाऱ्याच्या शरीरात त्याचा साठा संपत आलेला असतो आणि ते वेळेत भरून काढलं नाही, तर स्मरणशक्तीला कायमची इजा होऊ शकते.

झोपेच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्यांचं व्यसन असेल तर तेही असंच आहे. एकदम बंद केल्यावर फिट येऊ शकते.

म्हणून केंद्रात गेल्यावर बाग आणि योगाचा हॉल बघण्याआधी एक प्रश्न विचारा: "रात्री दोन वाजता याला फिट आली तर तुम्ही काय करता?" ज्यांच्याकडे उत्तर असतं ते लगेच देतात. डॉक्टर कोण, रात्री ड्यूटीवर नर्स कोण, नाडी-रक्तदाब किती तासांनी बघतात, कोणत्या हॉस्पिटलला हलवतात. आम्हाला पहिल्या ठिकाणी उत्तर मिळालं होतं, "तशी वेळच येत नाही." आम्हाला तेव्हा ते आत्मविश्वासाचं लक्षण वाटलं.

हेरॉइन किंवा वेदनाशामक अफूजन्य औषधांचं गणित वेगळं. त्यांची टर्की, म्हणजे बंद केल्यावर शरीराला होणारा त्रास, सहन करणं भयंकर असतं, पण एरवी धडधाकट माणूस सहसा तिनं मरत नाही. मरतो तो नंतर. काही आठवडे बंद राहिलं की शरीराची सहनशक्ती उतरते, हाताला मात्र जुनाच डोस आठवत असतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या तीस हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसनं मरण्याचा त्यांचा धोका सर्वसामान्य लोकांच्या १२९ पट होता. तुरुंग म्हणजे केंद्र नव्हे, मान्य. पण आत सक्तीनं बंद आणि बाहेर काहीच आधार नाही, हा घाट दोन्हीकडे सारखाच असू शकतो. मेथाडोन आणि बुप्रेनॉर्फिन ही औषधं नेमकी हा धोका कमी करतात. तीही अफूच्याच गटातली, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरलेल्या डोसमध्ये दिली जातात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

"म्हणजे एक व्यसन सोडवून दुसरं लावायचं?" हा प्रश्न येतोच. व्यसन म्हणजे फक्त शरीराला एखाद्या द्रव्याची गरज असणं नव्हे. त्या द्रव्यामागे नोकरी, घर, माणसं सगळं सोडून धावणं म्हणजे व्यसन. ठरलेल्या वेळी ठरलेला डोस घेऊन कामावर जाणारा माणूस तसा धावत नसतो. दारूसाठीही नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही तल्लफ कमी करणारी औषधं आहेत. प्रत्येकाला ती लागतीलच असं नाही. पण "आमच्याकडे औषध चालतच नाही" असं अभिमानानं सांगणारं केंद्र उपचारांतला एक अख्खा कप्पा बंद करून बसलेलं असतं.

जाता जाता: डायसल्फिराम, म्हणजे वर दारू घेतली तर त्रास व्हावा म्हणून दिली जाणारी गोळी, त्याच्या नकळत जेवणात मिसळा, असा सल्ला याच मेसेजच्या काही आवृत्त्यांत दिसतो. कृपा करून तसं करू नका. या गोळीवर दारू पोटात गेली की रक्तदाब कोसळू शकतो, आणि हृदय कमकुवत असेल तर जीवही जाऊ शकतो. ती घेणाऱ्याला पूर्ण माहिती हवी.

"संमती विचारत बसू नका."

हतबलता मला कळते. रात्री गाडी पाठवून उचलून नेणाऱ्यांना फोन करण्यापर्यंत वहिनी आली होती. जिवाला धोका असेल, भान हरपलं असेल, तर काय करायचं ते डॉक्टर आणि कायदा ठरवतो, आणि ते नियम सगळीकडे सारखे नाहीत. पण सक्ती हाच राजमार्ग म्हणून निवडणं वेगळं. संयुक्त राष्ट्रांच्या १२ संस्थांनी मार्च २०१२ मध्ये एकत्र निवेदन काढून सक्तीनं डांबणारी केंद्रं बंद करा, असं सरकारांना सांगितलं.

शिवाय घरच्यांच्या हातात दुसरा मार्ग आहे आणि तो तपासूनही बघितलेला आहे. १९९९ च्या एका प्रयोगात उपचारांना नकार देणाऱ्यांच्या १३० नातेवाइकांना तीन प्रकारे तयार केलं गेलं. पहिल्या गटाला शिकवलं, की तो शुद्धीवर असताना जवळीक द्या, प्यायलेला असताना शांतपणे बाजूला व्हा, त्याचे परिणाम त्याला भोगू द्या, आणि त्याचं मन वळेल तो क्षण हेरून उपचारांचा विषय काढा. या पद्धतीचं नाव क्राफ्ट. त्या गटातले ६४ टक्के व्यसनी उपचारांना आले. सगळ्यांनी मिळून अचानक घेरून जाब विचारण्याच्या पद्धतीत ३० टक्के आले आणि नातेवाइकांनी फक्त स्वतःच्या मदतगटाला जाण्याच्या पद्धतीत १३ टक्के. तेव्हा केंद्राला विचारा: तो यायला तयार नाही, तर तोवर तुम्ही आम्हाला भेटाल का?

"घाबरला पाहिजे."

अपमान करून माणूस सुधारतो, ही कल्पना सिनॅनॉन या संस्थेनं गाजवली. चार्ल्स डेडरिक यांनी ती १९५८ साली कॅलिफोर्नियात सुरू केली. तिथं एकेकाला मध्ये बसवून बाकीच्यांनी त्याच्यावर तुटून पडायचं, आणि याला नाव होतं 'खेळ'. पुढे संस्थेचा पंथ झाला. १९७८ साली तिच्या विरोधात खटला लढवलेल्या वकिलाच्या पत्रपेटीत रॅटलस्नेक सोडण्यापर्यंत मजल गेली. पण डोकं भादरणं, गळ्यात पाट्या अडकवणं, सगळ्यांसमोर शिव्या घालणं हे प्रकार उपचार म्हणून खपतच राहिले. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये समुपदेशनाच्या बैठका तपासल्या तेव्हा उलटंच दिसलं: समुपदेशक जितका अंगावर गेला, तितकी ती व्यक्ती वर्षभरानंतर जास्त पीत होती. मारहाण, साखळी, उपाशी ठेवणं यांबद्दल मी वेगळं लिहीत नाही. तिथून माणूस बाहेर काढा आणि तक्रार करा.

"नव्वद दिवस भेट नाही."

हा नव्वदचा आकडा हवेतून आलेला नाही, म्हणूनच तो फसवतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलंय, की नव्वद दिवसांहून कमी उपचारांचा उपयोग मर्यादित राहतो. पण तिथं मोजलंय ते उपचारांत टिकून राहणं. घरी राहून आठवड्याला समुपदेशकाकडे जाणंही त्यात आलं. मेसेज लिहिणाऱ्यानं 'उपचार' हा शब्द काढून तिथं 'कोंडणं' बसवलं. घरात रोज दारू येत असेल, सोबत गंभीर मानसिक आजार असेल, टर्कीचा धोका मोठा असेल किंवा राहायला जागाच नसेल, तर निवासी केंद्र खरंच लागतं. इतर अनेकांचं त्यावाचून भागतं. पहिले काही दिवस फोन बंद ठेवणं मी समजू शकते. पण तीन महिने एकदाही भेटू न देणाऱ्या जागेत काय चाललंय हे तुम्हाला कळणार कसं? आणि घरच्यांना त्या काळात काहीच शिकवलं नाही, तर तो येणार त्याच घरात, त्याच भांडणांत.

"यश नव्वद टक्क्यांच्या वर."

कुणाचे नव्वद टक्के? दाखल झालेल्या सगळ्यांचे, की कोर्स पूर्ण करणाऱ्यांचे? डिस्चार्जच्या दिवशी मोजले, की वर्षानं? फोन न उचलणारे कुठल्या रकान्यात? एवढं विचारलं की बहुतेक आकडे गळतात. प्रामाणिक केंद्र हमी देत नाही. फार तर किती जणांशी वर्षभर संपर्क राहिला ते सांगतं.

पद्धतींच्या नावांनाही भुलू नका. प्रोजेक्ट मॅच या १,७२६ जणांच्या अभ्यासात (निष्कर्ष १९९७ चे) दारूवरच्या तीन वेगळ्या समुपदेशन पद्धती जवळपास सारख्याच उतरल्या. त्यातली एक तर चारच बैठकांची होती.

"परत प्यायला तर पैसे पाण्यात."

२००० साली वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका गाजलेल्या लेखात ही तुलना आहे: अमली पदार्थांच्या व्यसनात उपचारांनंतर ४० ते ६० टक्के लोक पुन्हा घसरतात, रक्तदाब किंवा दम्याच्या रुग्णांत आजार पुन्हा उसळण्याचं प्रमाण ५० ते ७० टक्के. रक्तदाब वाढला म्हणून आधीचे उपचार फुकट गेले असं कुणी म्हणत नाही, डोस बदलतात. स्लिप होऊ शकते हे गृहीत धरून केंद्रानं आधीच काय ठरवलंय, हे डिस्चार्जच्या दिवशी लेखी मागा: पुढची भेट कधी, फोन कुणाला करायचा, अफूजन्य व्यसन असेल तर घरात ओव्हरडोसवरचं नॅलोक्सोन आहे का आणि ते कसं द्यायचं हे घरातल्या कुणाला येतं का.

दादा पहिल्या केंद्रातून आल्यावर दुसऱ्या महिन्यात प्यायला. तिथं फोन केला तर म्हणाले, "घेऊन या, परत नव्वद दिवस." दुसऱ्या केंद्रातून आल्यावर तो पाचव्या महिन्यात प्यायला. तिथल्या समुपदेशक ताई वहिनीला म्हणाल्या, "किती घेतली? आत्ता बोलतोय का नीट? मग उद्या सकाळी त्याला एकट्यालाच पाठवा, तुम्ही दुपारी या." तो गेला, आणि औषधाची नवी चिठ्ठी घेऊन संध्याकाळी घरी आला.