निन्टेन्डोचा भात आणि आमची मुसळी

गावच्या ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आला. निन्टेन्डो या जपानी व्हिडिओगेम कंपनीनं पत्ते विकले, टॅक्सी चालवली, भात विकला, सगळीकडे मार खाल्ला, तरी थांबली नाही आणि शेवटी मारिओ घडला. तेव्हा तुम्हीही नवनवे धंदे करत राहा. मोठ्या बाबांच्या धाकट्याला ते इतकं पटलं की तो घरची मुदत ठेव मोडून ब्रॉयलर कोंबड्यांचं शेड टाकायला निघाला आहे. हे मुख्यतः त्याच्यासाठी लिहितो आहे.

लहानपणी लोडशेडिंग संपायची वाट बघत कॅसेटवर फुंकर मारून आम्ही दोघांनी तोच मारिओ खेळला. म्हणून त्या कंपनीबद्दल मी मिळेल ते वाचत आलो.

कंपनी १८८९ ची, क्योटोची. हानाफुदा म्हणजे फुलांची चित्रं असलेले पत्ते बनवायची. साठच्या दशकात मालक हिरोशी यामाउची यांनी टॅक्सी काढली, झटपट होणारा भात काढला. दोन्ही चाललं नाही. तारलं ते कारखान्यातल्याच माणसानं. गुनपेई योकोई तिथं पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल करायचे. त्यांनी फावल्या वेळात लांबवर पोचणारा एक चिमटा केला होता. यामाउचींच्या तो नजरेस पडला आणि १९६६ मध्ये 'अल्ट्रा हँड' म्हणून बाजारात आला. दहा लाखांवर खपला. पत्ते काय, खेळणं काय, विरंगुळाच. तो कसा विकायचा हे त्या घराला ठाऊक होतं. भाताचं तसं नव्हतं. पुढे हातात धरून खेळायचे १९८० चा गेम अँड वॉच आणि १९८९ चा गेमबॉय याच योकोईंच्या हातचे. इतरांनी रंगीत पडदे आणले तेव्हा गेमबॉयचा पडदा साधाच होता, पण तो स्वस्त होता आणि चार सेलवर कितीतरी तास चालायचा. जुनं, स्वस्त झालेलं तंत्र नव्या कामाला लावायचं, हा त्यांचा विचारच होता.

आता आपल्या घरचं. बाबांनी दोन एकर पऱ्हाटी म्हणजे कपाशी मोडून सफेद मुसळी ही औषधी मुळी लावली होती. बेणं विकणारा म्हणाला, सगळा माल आम्हीच उचलू. काढणीच्या वेळी त्याचा फोन बंद. मुसळी सोलायची कशी, वाळवायची कशी, विकायची कुठं, घरात कोणालाच माहीत नव्हतं. त्याच वावरात पऱ्हाटीत तुरीचे तास आजोबांपासून आहेत. डवरा तोच, मजूर तेच, बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षीही तुरीनं घर चालवलं, तुराट्या कुडाला आल्या. मी जोडधंदा म्हणतो तो याला.

आणि फॉरवर्डमध्ये पैशाचा शब्दच नाही. टीव्हीला जोडून खेळायचा निन्टेन्डोचा २००६ चा 'वी' १० कोटींवर खपला. त्याच्या पुढचा, २०१२ चा 'वी यू' १ कोटी ३५ लाखांच्या आसपास अडकला. एवढ्या पडझडीनंतरही कंपनी २०१७ च्या 'स्विच' या पुढच्या यंत्रापर्यंत तग धरू शकली, कारण गाठीला रोकड होती. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी २०१४ मध्ये स्वतःचा पगार काही महिने निम्मा केला. माणसं काढून ताळेबंद सजवायला त्यांचा विरोध होता. त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

आता मारिओचं जग ओसाकाच्या युनिव्हर्सल स्टुडिओत २०२१ पासून आहे, २०२३ च्या सिनेमानं १३० कोटी डॉलरवर गल्ला जमवला. पार्क चालवणारे युनिव्हर्सलवाले, सिनेमा घडवणारे इल्युमिनेशनवाले. बियाणं निन्टेन्डोचं, कसणारा जाणकार.

भाऊ, तू कोंबडी वाईट म्हणून मी अडवत नाही. ठेव मोडू नकोस, एवढंच. तुझ्याकडे आज बारा शेळ्या आहेत. वेचणी आटोपली की पऱ्हाटीवर फुकट चरतात, तू त्यांचं दुखणं ओळखतोस, बाजारातले घेणारे तुला नावानं हाक मारतात. तिथून वाढव. तरी शेडच टाकायचं असेल तर खाद्य कुठून, पिल्लं कोणाची, उन्हाळ्यात ४५ अंशांत मर किती धरायची, हे वहीत लिहून सोमवारी ये. मोठ्या बाबांनाही बसवू.