पामुक्कले: मीठही नव्हे, वाळून साचलेला गाळही नव्हे

तुर्कस्तानातल्या पामुक्कलेच्या पांढऱ्याशुभ्र पायऱ्यांच्या फोटोंखाली एकच मजकूर फिरतो: ‘गरम झऱ्याचं पाणी थंड होतं, वाळतं, मागे मीठ उरतं. लाखो वर्षं खपून निसर्गाने एकट्याने हे घडवलं.’

मीठ? एक लिटर पाण्यात सुमारे 360 ग्रॅम मीठ विरघळतं. पायऱ्या मिठाच्या असत्या तर चार पावसांत सपाट झाल्या असत्या. हे कॅल्साइट आहे, चुनखडीत असतं तेच. व्हिनेगर पडलं की फसफसतं.

‘थंड होऊन’ हे तर साफ उलटं. कॅल्साइट गार पाण्यात जास्त विरघळतं. म्हणूनच गिझरच्या कॉइलवर पांढरा थर पाणी तापताना धरतो, निवताना नाही. आणि नुसती उष्णता पुरत असती तर वज्रेश्वरी-गणेशपुरीलाही अशा पायऱ्या दिसल्या असत्या. तिथलं पाणी बेसॉल्टमधून येतं आणि त्यात भर क्लोराइडचा, बायकार्बोनेटचा (म्हणजे विरघळलेल्या चुनखडीचा) नाही.

‘वाळून’ म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा. झऱ्याच्या मुखाशी लिटरमागे सुमारे 577 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, उतार संपेपर्यंत 377 उरतं. वाळून एवढं खाली बसायला तिसरा हिस्सा पाणी उडून जावं लागेल. वाहत्या पाण्याचं तसं होत नाही. उडतो तो कार्बन डायऑक्साइड: 725 मिलिग्रॅमवरून 145. जमिनीखाली दाबामुळे हा वायू पाण्यात मुरलेला असतो, पाणी आम्लधर्मी होऊन चुनखडी विरघळवतं आणि बायकार्बोनेटच्या रूपात वर आणतं. बाहेर येताच सोड्याची बाटली उघडावी तसा वायू निसटतो आणि लिटरमागे जवळपास अर्धा ग्रॅम कॅल्साइट खाली बसतं. पायरीवरच्या कुंडाच्या काठावरून पाणी पातळ थराने खळखळत सांडतं, वायू तिथे सर्वांत झपाट्याने सुटतो. म्हणून काठच चढत जातो आणि पाणी त्यामागे अडतं. ताजा थर जेलीसारखा मऊ असतो. तिथे बूट घालू देत नाहीत ते यासाठी.

लाखो वर्षं खालच्या थरांना लागली असतील. वरचा पांढरा लेप ताजा आहे. शेजारच्या हिएरापोलिस या प्राचीन शहराच्या दफनभूमीत रोमन काळातली थडगी याच दगडात अर्धी बुडालेली दिसतात.

राहिलं ‘निसर्गाने एकट्याने’. विसाव्या शतकात या उतारावरून चक्क रस्ता काढला होता. पर्यटक आज ज्या कुंडांतून चालतात ती त्याच रस्त्यावर बांधलेली आहेत. पाणीही कालव्याच्या आवर्तनासारखं पाळीपाळीने सोडतात. एकाच जागी सतत वाहिलं तर शेवाळ धरून पायऱ्या हिरवट-तपकिरी होतात, फार दिवस बंद राहिलं तर करड्या पडतात.