‘चार दिवस कोंडा, दारू सुटेल’ हे ऐकू नका

“दारुड्याला चार दिवस खोलीत कोंडा. थरथरेल, ओरडेल, सगळी नाटकं असतात. फारच गळाला तर घरीच ग्लुकोज लावा. दवाखान्यात नर्स नुसती झोपेची इंजेक्शनं देऊन पाडून ठेवतात.” हा मेसेज मला तीन नातेवाइकांनी पाठवला. मी मेडिसिन वॉर्डात सिस्टर आहे, म्हणून लिहिते.

थरथर हे नाटक नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम थांबली की मेंदू अनावर उत्तेजित होतो. शेवटच्या घोटानंतर 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे दारू तुटल्यावरचा गंभीर भ्रम: दरदरून घाम, ताप, धावती नाडी, अंगावर किडे चढल्याचे भास. उपचार नसतील तर माणूस दगावू शकतो. कोंडायला सांगितलेत तेच हे चार दिवस.

ग्लुकोजचंही तसंच. जेवण सोडून पिणाऱ्याच्या अंगात बी-1, म्हणजे थायमिन, फार कमी उरलेलं असतं. नुसत्या ग्लुकोजने तेही खर्ची पडतं, आणि मग तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते, स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. रक्तातली साखर घसरली असेल तर ग्लुकोज लगेच हवं, पण थायमिनसोबत.

आता ‘पाडून ठेवण्या’बद्दल. लोराझेपामसारखं मेंदू शांत करणारं औषध फिट आणि भ्रम टाळण्यासाठी असतं. घाम, थरथर, मळमळ, भास यांना गुण देऊन डोस ठरतो, दर डोसआधी श्वास मोजतो, पुढे औषध कमी करत नेतो. रात्री दिवा चालू ठेवतो, कारण अंधारात सावल्यांचे साप होतात. “दादा, तुम्ही दवाखान्यात आहात, आज मंगळवार” हे एका रात्रीत वीस वेळा सांगावं लागतं.

साखळीने बांधायला तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाई आहे, आणि व्यसनातून आलेले मानसिक त्रास त्यात येतात.

मला खरी भीती लपवाछपवीची वाटते. पाय मोडून आलेल्या एका पेशंटच्या घरच्यांनी “कधीतरी घेतात” असं सांगितलं. ऑपरेशननंतर तिसऱ्या रात्री त्याने सलाईन उपटलं आणि तो त्याच पायावर पळायला उठला. रोज किती आणि शेवटची कधी, हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर औषध तेव्हाच सुरू झालं असतं. आम्ही विचारतो ते हिणवायला नाही.