तात्यांचे वीजशास्त्र

परवा भर दुपारी कूलरमध्ये पाणी ओतताना त्याच्या पत्र्याने मला असा शॉक दिला की बादली एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला पडलो. तोंडून आवाज निघाला असेल. पण तो कसा निघाला, याचे प्रात्यक्षिक शेजारच्या तात्यांनी गल्लीभर करून दाखवण्याचे काहीच कारण नव्हते.

तात्या धावत आले ते मला उठवायला नव्हे, चौकशीला.

"चप्पल होती का ओ पायात?"

"होती. रबराची."

"मग शॉक बसणारच नाही. भास झाला असेल."

रबर विजेला अडवते हे खरे. परंतु चप्पल, पाय आणि फरशी तिन्ही निथळत असतील, तर वीज रबराच्या वाटेला न जाता बाजूच्या ओलीतून उतरते, हे मी सांगेपर्यंत तात्यांनी आमच्याच स्वयंपाकघरातून नुकताच धुतलेला पाट आणून माझ्यासमोर टाकला.

"लाकडाला करंट नसतो. यावर उभे राहा आणि परत हात लावा बघू."

"तात्या, हे लाकूड ओले आहे."

"लाकूड ते लाकूडच की ओ!"

तुम्हीच उभे राहा, असे सुचवताच त्यांना गुडघेदुखी आठवली. १७२९ साली इंग्लंडात स्टीफन ग्रे यांनी लांब दोरा रेशमावर टांगला तेव्हा वीज त्यातून दूरवर गेली, आणि रेशमाच्या जागी पितळी तार येताच ती तारेतून निसटली. पदार्थांची अशी पारख माणूस तेव्हापासून करून पाहत आला आहे. तात्यांना करून पाहणे मंजूर नाही, करवून पाहणे मंजूर आहे.

वास्तविक निव्वळ शुद्ध पाण्यातूनही वीज फारशी जात नाही. तिला वाट देतात ते विरघळलेले क्षार, आणि आमच्या बोअरच्या पाण्यात ते इतके आहेत की कूलरचे गवत महिन्याभरात पांढरे पडते.

वायरमनने पत्र्याला टेस्टर लावला, तो पेटला. बोर्ड उघडला, तर जाड पिनेची हिरवी तार, म्हणजे पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची तार, कशालाच न जोडता मोकळी लोंबत होती. "आजवर कुणाची तक्रार नव्हती," असे घरमालक म्हणाले. लाइटबिल मात्र ते युनिटमागे स्वतःच्या दराने न चुकता घेतात. अर्थिंगसाठी खड्डा खणून मीठ-कोळसा भरावा लागेल आणि उन्हाळ्यात माती सुकू नये म्हणून त्यात पाणी सोडत राहावे लागेल, असे वायरमनचे म्हणणे. खड्ड्याचा खर्च भाडेकरूचा, हे घरमालकांनी जागीच ठरवले, आणि चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळाचे पाणी आधी पिंपात भरायचे की जमिनीला पाजायचे, यावर तात्यांचे मार्गदर्शन चालू आहे.