तलफ आणि मनाचा ढिलेपणा : एका प्रतिक्रियेला उत्तर

गोडाच्या तलफेवरच्या माझ्या लेखावर एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : गोडाची तलफ म्हणजे निव्वळ मनाचा ढिलेपणा, मी त्याला शास्त्राचा मुलामा देते आहे, गोडाचा डबा नजरेआड ठेवा हा माझा सल्ला पळपुटेपणाचा आहे, आणि मॅग्नेशियमची कमतरता हे खरं कारण मी गाळलं. वर सल्ला : तलफ आली की दुर्लक्ष करा, साखर आजपासून बंद.

मॅग्नेशियमचं आधी उरकते. १९९४ मध्ये मिचनर आणि रोझिन या संशोधकांनी चॉकलेटची तलफ येणाऱ्यांना कधी चॉकलेट, कधी पांढरं चॉकलेट, कधी कोकोच्या कॅप्सूल दिल्या. मॅग्नेशियम असतं ते कोकोत. कॅप्सूलनं तलफ शमली नाही. कोकोची भुकटी नसलेल्या पांढऱ्या चॉकलेटनं काही अंशी शमली. आणि शरीर खरोखर मॅग्नेशियम मागत असतं, तर बिया आणि पालेभाज्यांसाठी जीव कासावीस व्हायला हवा होता. तसं कुणाचं झालेलं मी तरी ऐकलं नाही.

आता ढिलेपणा. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत रसाचा थेंब मिळण्याआधी दिवा लागायचा. सुरुवातीला मेंदूतल्या डोपामिनच्या (बक्षिसाशी जोडलेल्या रसायनाच्या) पेशी रस मिळाल्यावर चेतायच्या. सवय झाल्यावर दिवा लागताच चेतू लागल्या. आपलंही असंच होतं. ठरलेली वेळ, जेवणानंतरची ठरलेली खुर्ची, समोर दिसणारा डबा, एवढं पुरतं. निग्रहाची पाळी येईपर्यंत अर्धं काम होऊन गेलेलं असतं. म्हणून डबा नजरेआड ठेवा म्हटलं, त्यात पळपुटेपणा कसला?

झोपेचंही तेच. शिकागोतल्या २००४ च्या एका अभ्यासात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. दहा तास झोपेच्या तुलनेत भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्के जास्त भरलं, तृप्तीचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्के कमी. गोड, खारट, पिष्टमय पदार्थ जास्त हवेसे वाटले. याच तरुणांचा निग्रह दोन रात्रींत खचला म्हणायचं का?

साखर एकदम बंद करणं काहींना जमतं, तुम्हाला जमलं असेल तर उत्तमच. पण दिवसभर उपाशी राहून रात्री डब्यावर तुटून पडणारे बरेच असतात, आणि त्यांना आणखी कडक नियम दिला की ते आणखी जोरात तुटून पडतात. त्यांनी आधी जेवणं वेळेवर आणावीत, त्यात प्रथिनं आणि तंतू पुरेसे असावेत. साखरेचं नंतर बघू.

'दुर्लक्ष करा' हेही बोलायला सोपं. एखादी गोष्ट आठवायची नाही म्हटलं की तीच आठवते. तलफेत खाण्याचं चित्र डोळ्यांपुढे नाचत असतं. त्या चित्राची जागा दुसऱ्या कशानं तरी भरावी लागते. तीन मिनिटं टेट्रिस खेळल्यावर तलफ कमी झाल्याचं प्रयोगांत दिसलं आहे, पंधरा मिनिटं झपझप चालल्यावरही. फार मोठा उपाय नाही, पण बऱ्याचदा तेवढ्यात लाट ओसरते.

एका बाबतीत मात्र ठाम विरोध. इन्सुलिन किंवा रक्तशर्करा फार खाली नेऊ शकणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना अचानक घाम, थरथर आणि भूक जाणवली, तर ती तलफ नसू शकते. शर्करा तपासावी, ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर लगेच घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. तपासायची सोय नसेल तर थांबू नये, साखर घ्यावी. तिथे दुर्लक्ष जिवावर बेतू शकतं. तुमची प्रतिक्रिया काढत नाही, पण तुमच्या 'दुर्लक्ष करा' या वाक्याखाली ही सूचना जोडली आहे.