सध्याची कंपनी (भरणं आवश्यक)

आज सकाळी मेल आला. आपल्याच बिझनेस स्कूलचा, म्हणजे इथल्या निम्म्या मंडळींना आलाच असेल. माजी विद्यार्थी पुरस्कार, गट दोन: उत्कृष्ट व्यवस्थापक आणि उत्कृष्ट उद्योजक. नॉमिनेशन सुरू, खाली निळं बटण. मी ते दाबलं आणि तिथून जो दिवस नासला तो आत्ता रात्री साडेदहापर्यंत नासलेलाच आहे.

फॉर्म वाचा एकदा. गेल्या तीन वर्षांची उलाढाल. उलाढालीतली वाढ, टक्क्यांत. हाताखाली माणसं किती. फंडिंग किती उचललं. तुमच्याबद्दल माध्यमांत आलेल्या बातम्यांच्या लिंका, किमान पाच. मूल्यांविषयीचा प्रश्नही आहे बरं का, शेवटून दुसरा, शंभर शब्दांत आटपायचा. आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत, स्वतःचं नाव स्वतः सुचवलं तरी चालेल. न चालून सांगतो कोणाला!

पाच बातम्या. अरे, ज्याचं काम नीट चाललंय त्याची बातमी कोण छापतं? ज्या बाईच्या प्लँटवर दहा वर्षांत एकाचंही बोट यंत्रात गेलं नाही, तिने लिंक कुठली द्यायची? न झालेल्या अपघाताची?

आमच्या बॅचला एक जण होती. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. ओळखलंत तरी कृपा करून कॉमेंटमध्ये टॅग करू नका. चांगली नोकरी सोडून तिने स्वतःचं युनिट टाकलं, पॅकिंगच्या सामानाचं. अकरा वर्षं चालवलं. मग सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गेलं, त्याच्यामागोमाग दुसरं. तिने एका रात्री बसून हिशेब मांडला. आत्ता बंद केलं तर सगळ्यांची देणी फिटतील, आणखी सहा महिने ओढलं तर नाही फिटणार. ओढता आलं असतं. कर्ज द्यायला लोक तयार होते, घरचेही थांब म्हणत होते. तिने बंद केलं.

शेवटच्या आठवड्यात मी तिकडे गेलो होतो. यंत्रं उचलून नेलेली, फरशीवर त्यांच्या पायांचे काळे चौकोन तेवढे राहिलेले. आवाज घुमत होता. एका टेबलावर लांबडी वही उघडी. कामगार, पुरवठादार, आधीच सोडून गेलेले दोघं-तिघं, सगळी मिळून तेहतीस नावं. नावापुढे रक्कम, रकमेपुढे लाल पेनाची बरोबरची खूण. बत्तीस खुणा झाल्या होत्या. राहिलेला एक ड्रायव्हर होता, वर्षभरापूर्वी काम सोडून गेलेला. त्याच्या शिल्लक रजेचे पैसे निघत होते आणि त्याचा फोन लागत नव्हता. ती त्याच्या जुन्या शेजाऱ्यांना फोन लावत बसली होती. मी म्हटलं, "अगं, तो काही मागायला येणार नाहीये."

"म्हणूनच शोधतेय," ती म्हणाली आणि पुढचा नंबर लावला.

आता हे भरा त्या फॉर्मात. आहे रकाना?

बिझनेस स्कूल म्हणजे काय काल-परवाची गोष्ट नाही. पेनसिल्व्हेनियात वॉर्टन १८८१ साली निघालं, हार्वर्डचं १९०८ साली. हार्वर्ड आपल्या माजी विद्यार्थ्यांना पुरस्कार १९६८ पासून देतंय. इतक्या वर्षांत धंदा सुरू कसा करावा, वाढवावा कसा, विकावा कसा, यावर ढीगभर केस स्टडी झाल्या. नीट बंद कसा करावा, यावर आम्हाला दोन वर्षांत एक तास नव्हता. एकही. दिवाळखोरीचा कायदा शिकवला, तो परीक्षेपुरता. कामगारांसमोर उभं राहून काय बोलायचं आणि कधी बोलायचं, हे कुठल्या सेमिस्टरला होतं?

आणि बक्षिसांचं म्हणाल तर एन्रॉन आठवा. 'फॉर्च्युन' मासिकाने तिला अमेरिकेतली सगळ्यात कल्पक कंपनी म्हटलं, एकदा नाही, ओळीने सहा वर्षं. शेवटचं वर्ष २००१. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीत. तिचा सर्वेसर्वा जेफ्री स्किलिंग हा हार्वर्डचा १९७९ चा एमबीए, वर्गातल्या पहिल्या पाच टक्क्यांतला. तिचा वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टो, त्याला 'सीएफओ' मासिकाने १९९९ मध्ये उत्कृष्टतेचा पुरस्कार दिला. त्याच्या आदल्या वर्षीचा मानकरी वर्ल्डकॉमचा स्कॉट सलिव्हन, पुढच्या वर्षीचा टायकोचा मार्क स्वार्ट्झ. तिघेही पुढे आपापल्या कंपनीतल्या घोटाळ्यांपायी तुरुंगात गेले. तीन वर्षं, तीन पुरस्कार, तीन कैदी! परीक्षक काही लबाड नव्हते. त्यांच्यापुढे आकडे आले, आकडे चढते होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुरस्कार मिळाल्यावर साहेब लोकांचं काय होतं हेही अर्थशास्त्रज्ञांनी तपासून झालंय म्हणे. कंपनीची कामगिरी घसरते, साहेबांचा पगार चढतो, आणि साहेब पुस्तकं लिहायला आणि इतर कंपन्यांच्या बोर्डांवर जाऊन बसायला लागतात. यासाठी अभ्यास करावा लागला याचीच मला गंमत वाटते. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिनाभर बसवायचं होतं त्यांना.

ठीक आहे, कबूल. काहीतरी मोजावं लागतंच. दोनशे अर्ज आणि हातात एक शनिवार असला की वही बघायला कोण जाणार. आणि काही मानकरी खरोखर मोठे असतात. आमच्या दोन वर्षं पुढच्या एका सीनियरला मिळाला तेव्हा मीही उभा राहून टाळ्या वाजवल्यात, हात दुखेपर्यंत. पुरस्कारामागोमाग देणगीचं पत्र जातं असं मी चारचौघांत म्हणतो, पण त्या देणग्यांतून शिष्यवृत्त्या निघतात, हेही खरं. झालं?

पण मग उद्योजकतेच्या नावाने जी माणसं आपण स्टेजवर चढवतो, त्यातल्या किती जणांनी पुरवठादारांची बिलं सहा-सहा महिने अडकवून ती वाढ दाखवली, ते विचारायचंच नाही का? छोट्या पुरवठादाराचा पैसा वापरून मोठं व्हायचं, त्याला वर्किंग कॅपिटलचं व्यवस्थापन असं नाव द्यायचं, आणि शाल पांघरून घ्यायची. त्या बिलांपायी ज्याचं युनिट बसलं तो समोर टाळ्या वाजवायला नसतो. त्याला निमंत्रणच नसतं.

हे सगळं दुपारी लिहून ठेवलं होतं. पोस्ट करणार होतो. मग एक गोष्ट आठवली. नसती आठवली तर बरं झालं असतं, पण आता ती न लिहिता वरचं ठेवणं मला जमणार नाही.

चार वर्षांपूर्वी या पुरस्काराच्या छाननी समितीत मी होतो. परीक्षकांकडे जायच्या आधी अर्ज गाळायचे, एवढंच काम. एका ज्युनिअरने तिचं नाव पाठवलं होतं. हो, तिचंच. त्याने मनापासून पान-दीड पान लिहिलं होतं. पण उलाढालीपुढे शून्य, माणसांपुढे शून्य, लिंका एकही नाही. मी तो अर्ज 'अपूर्ण' नावाच्या फोल्डरमध्ये टाकला. ती वही माझ्या डोळ्यांनी पाहिलेला मी. दोन सेकंदही लागले नसतील. पुढचा अर्ज एका ॲपवाल्याचा होता. तो मी पुढे पाठवला, शेरा मारून: 'दमदार वाढ'.

कोणी दबाव आणला नव्हता. नियमांतही कुठे लिहिलेलं नव्हतं की बंद पडलेले नकोत. मला ते शून्य दिसलं आणि पुढचं वाचावंसं वाटलं नाही, इतकंच. तेव्हा सकाळपासून मी ज्या फॉर्मला शिव्या घालतोय, तो माझ्याच डोक्यात कधीचा छापलेला होता. तो ॲपवाला पुढे कुठे गेला कोण जाणे. बहुधा बराच असेल. त्याचा काय दोष.

तर संध्याकाळी तिला फोन केला. ती हल्ली एका मध्यम कंपनीत खरेदी सांभाळते. पुरवठादारांची बिलं वेळेवर काढते म्हणून फायनान्सवाले तिच्यावर करवादतात, हे तिनेच हसत सांगितलं. मी म्हटलं, "तुझं नाव पाठवतोय या वर्षी."

"तुला दुसरी कामं नाहीत का रे?"

"आहेत. पण पाठवतोय."

समितीचं सांगणार होतो. सांगितलं नाही. तिच्या सुरात कुठे राग असता तर सांगितलं असतं कदाचित, पण तिचं तर निवांत चाललं होतं. आता इथे वाचेल. (वाचलंस तर फोन कर. शिव्या द्यायच्या असतील तर रात्री नऊनंतर कर.)

ठेवता ठेवता विचारलं, "तो ड्रायव्हर सापडला का गं शेवटी?"

"सापडला ना! तुला सांगितलं नव्हतं? त्याला आठवतही नव्हतं काही. पैसे द्यायचेत म्हटल्यावर त्याला वाटलं कोणीतरी गंडवतंय, फोनच कापला त्याने. तीनदा लावला. चौथ्यांदा त्याच्या बायकोने उचलला, तिला माझं नाव आठवलं."

"आणि खूण?"

"कसली खूण?"

"वहीतली. लाल."

"तू पण ना," म्हणाली. मग म्हणाली, "केली."

आत्ता फॉर्म भरतोय. नाव, बॅच, ईमेल झालं. पाच लिंकांच्या जागी या पोस्टची लिंक पाच वेळा टाकणार आहे, बघू घेतो का. अडलोय ते 'सध्याची कंपनी' पाशी. रकाना सोडला की लाल होतो, भरणं आवश्यक आहे म्हणतो. तिच्या जुन्या युनिटचं नाव टाकलं. त्याखाली 'कंपनीची स्थिती' उघडलं, त्यात तीनच पर्याय आहेत: वाढती, स्थिर, विकली.

'इतर' शोधतोय. 'इतर' पण नाहीये.