काळा नर, पांढरी मादी आणि रक्तवाढीची पुडी

मावशीने परवा एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "ही पुडी मागवू का रे? लोहाच्या गोळ्यांनी पित्त खवळतं." दावे असे: हिंदी महासागराच्या तळाशी लाव्ह्यात राहणारी, लोखंड खाणारी गोगलगाय आहे, काळी ती नर, पांढरी ती मादी, शास्त्रज्ञांना तिचं वर्गीकरण अजून जमलेलं नाही, तिच्या शंखाचं भस्म रक्त वाढवतं, आणि भारत सरकार ती काढायला निघालंय.

गोगलगाय खरी आहे, एवढं कबूल. 2001 मध्ये ती कैरेई नावाच्या समुद्रतळावरच्या गरम झऱ्यांपाशी सापडली. तिच्या पायावर खवले असतात आणि त्यांवर आयर्न सल्फाइडचा, म्हणजे लोह-गंधकाच्या संयुगाचा, काळा थर. पण लाव्हा कुठला? झऱ्याच्या तोंडाशी पाणी साडेतीनशे अंशांवर असतं हे खरं, मात्र गोगलगाय त्यात बसत नाही. गार समुद्राचं पाणी मिसळून तापमान उतरतं तिथे ती राहते. लोखंडही खात नाही. अन्ननलिकेच्या फुगलेल्या ग्रंथीत जिवाणू असतात, ते तिला पोसतात.

आता ते नर-मादी. हे कोणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे! चाँग चेन या सागरी जीवशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये या प्रजातीचं रीतसर वर्णन केलं: नाव क्रायसोमॅलॉन स्क्वामिफेरम, कुळ पेल्टोस्पिरिडे. म्हणजे वर्गीकरण होऊन दशक उलटलं. शरीराचे पातळ काप काढून आतली रचना तपासली तेव्हा दिसलं की प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही. मग पांढरी कोण? ती सॉलिटेअर नावाच्या झऱ्यांवरची. तिथल्या पाण्यात लोह कमी, म्हणून खवल्यांवर काळा थर चढत नाही. गंमत पुढेच आहे. जनुकं ताडून पाहिली तर कैरेईची काळी आणि सॉलिटेअरची पांढरी एकमेकींच्या जवळच्या निघाल्या. हिंदी महासागरातल्याच लाँगची नावाच्या झऱ्यांवरचीही लोहाचे खवले मिरवते, तरी तीच दूरची. रंगावरून जात ठरवणाऱ्यांनी इथेच कान धरावेत.

पुडीबद्दल काय बोलायचं? हा प्राणी अडीच किलोमीटर खोलीवर असतो, वर आणायला खास पाणबुडी लागते. चार-साडेचार सेंटीमीटरच्या शंखांचं भस्म तुमच्या गल्लीत विकायला कोण बसलंय? आत काय भरलंय हे विकणाराच जाणे. पित्त होत असेल तर डॉक्टरांना सांगा, गोळी बदलून मिळते. आपल्या मनाने बंद करू नका.

सरकारच्या दाव्यात अर्धं सत्य आहे. भारताने 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार केला, पण तो हिंदी महासागराच्या तळावरचे सल्फाइड खनिजसाठे शोधण्याचा. गोगलगायी गोळा करण्याचा नव्हे. मात्र कैरेई आणि लाँगचीवर इतर देशांचे असेच शोधपरवाने आहेत, आणि खाणकामाच्या त्याच धोक्यापायी 2019 मध्ये ही गोगलगाय आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत 'संकटग्रस्त' म्हणून गेली.